शेल गॅस: खडकाची जात अन् छिद्रांचा घोळ

1821 साली अमेरिकेत फ्रेडोनियाला शेलमधून, म्हणजे चिखल दबून झालेल्या थराथराच्या खडकातून, गॅस काढला, पण त्यानंतर बराच काळ शेल म्हणजे गॅस तयार करणारा खडक, साठवणारा नाही, असंच बहुतेक जण धरून चालले. ते मोडलं टेक्सासच्या बार्नेट शेलने. 1997-98 च्या सुमारास घट्ट जेलऐवजी जवळपास साध्या पाण्याने फ्रॅकिंग (दाबाने द्रव सोडून खडक तडकवणं) जमलं, मग आडव्या विहिरी आल्या, तरी एकाच शेलात एक विहीर धो धो अन् शेजारची रडकी, हे काही सुटेना.

फरक जातीचा होता. सिलिकावाला (वाळूत असतं ते द्रव्य) शेल, त्यातली सिलिका समुद्री जीवांच्या कवचाची असेल तर सांगाडा कडक, वरून दाब आला तरी आतली छिद्रं टिकतात अन् फ्रॅकिंगला तो तडकतोही नीट. चिकणमाती जास्त असली की छिद्रं चेपतात. त्यातलं स्मेक्टाइट हे खनिज काय करतं ते आपल्या जळगाव-धुळ्याच्या काळ्या रानात बघा, पावसात फुगतं अन् उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा. खोलवर उष्णतेने त्याचं बरंचसं इलाइट हे फारसं न फुगणारं खनिज होतं, म्हणून तिथे फुगणं कमी.

2009 मध्ये आयन बीमने (भारित कणांच्या झोताने) घासून गुळगुळीत केलेले बार्नेटचे नमुने इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितले तर सेंद्रिय कणांच्या आतच 100 नॅनोमीटरच्या आसपासची छिद्रं! मोठ्या छिद्रांत मोकळा गॅस, 2 नॅनोमीटरखालच्यांत मुख्यतः भिंतीला चिकटलेला. मोकळा आधी येतो, चिकटलेला दाब उतरल्यावर सावकाश.

खरी भांडणं मात्र छिद्रं मोजायची कशी यावर झाली. नमुना कुटायचा, वाळवायचा, छिद्रांत किती मावतो ते बघायला हेलियम सोडायचा, एवढंच दिसतं, पण वाळवायचं किती? 110 अंशाला वाळवलं की चिकणमातीने धरलेलं पाणीही उडतं अन् त्या जागा सच्छिद्रतेत (खडकातल्या रिकाम्या जागेच्या हिश्शात) मोजल्या जातात. 60 अंशाला, हवेतला ओलावा राखून वाळवलं तर आकडा खाली येतो. जमिनीखाली त्या जागांत पाणीच असतं, गॅस नाही, त्यामुळे मला तर 60 वालेच बरोबर वाटतात, पण मोठा आकडा कुणाला नको असतो. एकाच खडकाचे तुकडे वेगवेगळ्या लॅबमध्ये दिले अन् उत्तरं जुळली नाहीत, असंही झालंय. चिकणमातीवाल्या शेलात हा घोळ सगळ्यात जास्त, सिलिकावाल्यात फारसा फरक पडत नाही.

भारतात 2011 च्या जानेवारीत दुर्गापूरजवळ शेलमधून गॅस आला अन् 2013 मध्ये शेल गॅसचं सरकारी धोरण. तो दामोदर खोऱ्यातला गोंडवाना शेल, त्यात जमिनीवरच्या झाडापाल्याचं सेंद्रिय द्रव्य बरंच, अन् तसल्या द्रव्यात बार्नेटसारखी छिद्रं कमीच तयार होतात. खान्देशात वर काळा पाषाण, पण तोच डेक्कन ट्रॅप पुढे गुजरातेत खाली दबलाय अन् त्याच्यावर कॅम्बे शेल बसलाय. त्यामुळे आपल्याकडचं कुणी बोअरच्या पाण्यात बुडबुडे दिसले म्हणून शेल गॅस शोधायला निघालं तर त्याला तापीच्या काठाने पार सुरतेपलीकडे जावं लागेल.