पार्सलमधला हुरडा, पडद्यावरच्या अक्षता

जानेवारी लागला की पुण्या-मुंबईतल्या सोलापूरकरांच्या फोनवर दोन लिंक हमखास येतात. एक गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, थेट प्रक्षेपणाची. दुसरी हुरड्याच्या डब्याची: पैसे भरा, पत्ता टाका, रविवारी सकाळी पार्सल घ्या आणि अकरा वाजता सगळ्यांनी मिळून पडद्यासमोर तवा तापवा. मध्ये कुणीतरी भारूड म्हणतं, कुणी कानडी वचन म्हणून त्याचा मराठी अर्थ सांगतं, शेवटी शेंगाचटणी कशी कुटतात ते दाखवतात. हे सगळं कोरोनाने आणलं असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे.

यात्रा बाराव्या शतकापासूनची. त्यात नव्याने सांगण्यासारखं काही नाही. पण एक बाब इथे महत्त्वाची आहे. बहुतेक जत्रा तिथीवर चालतात, दरवर्षी पुढेमागे सरकतात. गड्डा संक्रांतीला बांधलेला, म्हणजे सूर्याच्या चालीला. त्यामुळे आधी अडुसष्ट लिंगांचा तैलाभिषेक, भोगीला सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता, संक्रांतीला होम, मग शोभेचं दारूकाम आणि सांगतेची कप्पडकळी हा क्रम इंग्रजी कॅलेंडरवरही जवळपास तिथेच राहतो. गिरण्या बंद पडल्यावर बाहेर गेलेल्या माणसाला रजा टाकणं सोपं गेलं ते यामुळे, आणि पुढे रजा न मिळालेल्याला 'दुपारी बाराच्या सुमारास लिंक उघड' असं सांगता आलं तेही यामुळेच. शिवाय १२ जानेवारी हा सोलापूरच्या चार स्वातंत्र्यसैनिक हुतात्म्यांचा दिवस, १९३१ साली त्यांना फाशी झाली तो. म्हणजे शहराचा सगळा भावनिक आठवडा एका ओळीत येतो. ऑनलाइन कार्यक्रम आखणाऱ्यांना आयताच हंगाम मिळाला.

थेट प्रक्षेपणही नवं नव्हतं. स्थानिक केबलवर नंदीध्वजांची, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्यांची, मिरवणूक आधीपासून दिसायची. ज्यांचे गुडघे गेलेत, ज्यांच्या घरी बाळंतीण आहे, ते घरूनच 'बोला हर्र' म्हणायचे. फरक एवढाच की ती सोय कमनशिब्यांची मानली जायची. गर्दीत बाराबंदी (यात्रेतला पांढरा पारंपरिक पोशाख) मळवून आलेला माणूस घरी टीव्हीसमोर बसलेल्याकडे जरा दयेनेच बघायचा.

२०२० सालाने ही उतरंड मोडली. मार्चपासून देवळं बंद. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे आषाढीला पालख्या एसटीने आल्या तेव्हा त्याचा धक्का इथे जास्त बसला. १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली. तरी दहाच दिवसांनी आलेली कार्तिकी निर्बंधातच झाली. तेव्हाच गड्ड्याचं काय होणार याचा अंदाज शहाण्यांना आला होता. २२ डिसेंबरपासून महापालिका हद्दींत रात्रीची संचारबंदी लागली, ती ५ जानेवारीपर्यंत. पुढच्याच आठवड्यात यात्रा. होम मैदानावर पाळणे लागले नाहीत, दुकानं लागली नाहीत. विधी झाले, पण मोजक्या मानकऱ्यांत. बाकी शहराने पडद्यावर बघितलं.

आमच्या घरी त्या दिवशी आईने टीव्हीसमोर पाट मांडला, वाटीत अक्षता घेतल्या आणि संमती वाचन, म्हणजे त्या लग्नाचे मंत्र, सुरू झाल्यावर 'सत्यम् सत्यम्'ला टीव्हीच्या दिशेने टाकल्या. चित्र मध्येच अडकलं. ते पुन्हा सुरू होईपर्यंत एका मंत्राच्या अक्षता तिच्या मुठीतच राहिल्या. त्या तिने संध्याकाळी तुळशीपाशी टाकल्या. घरबसल्या यात्रा म्हणजे काय, हे मला विचाराल तर मी एवढंच सांगेन. पुढच्या वर्षी, २०२२ ला, १० जानेवारीपासून पुन्हा निर्बंध आले. तेव्हा मात्र कुणी गोंधळलं नाही, लिंक कुठली चांगली चालते हे पाठ झालं होतं.

आता हुरड्याकडे. खरा गुंता इथेच आहे.

'ऑनलाइन हुरडा पार्टी' हे शब्द पहिल्यांदा ऐकले तेव्हा घरात हशा पिकला होता. कारण हुरडा हा शब्द आपल्याकडे एका वस्तूचा नाही. 'ज्वारी हुरड्यात आलीय' म्हणतो तेव्हा ती पिकाची अवस्था असते, दाणा दुधातून घट्ट होऊ लागलेला पण अजून बोटाने दबणारा. 'हुरडा काढला' म्हणतो तेव्हा आगटीत, म्हणजे गोवऱ्या पेटवलेल्या खड्ड्यात, भाजून, गरम कणीस तळव्यांत चोळून, फुंकून निघालेले हिरवे दाणे. आणि 'रविवारी हुरड्याला या' म्हणतो तेव्हा ते बोलावणं असतं, त्यात रान, बांध, गोवऱ्यांचा धूर, पोत्यावर बसलेली माणसं, गूळ, दही आणि चटणी सगळं आलं. अक्कलकोटच्या बाजूला कानडीत याला सीतनी म्हणतात, म्हणजे गोड कणीस. तिथे शब्द निदान कणसाला तरी चिकटून आहे. मराठीत तो अवस्था, पदार्थ आणि समारंभ अशा तिन्ही ठिकाणी फिरतो. पार्सलात यांपैकी कुठला हुरडा भरायचा, हा वाद पहिल्याच हिवाळ्यात सुरू झाला आणि अजून मिटलेला नाही.

सुरुवातीला कच्ची कणसंच पाठवली गेली. शेतकऱ्याच्या दृष्टीने हेच रास्त. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत पोतं टाकलं की अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्यात पहाटे पोचतं. पण फ्लॅटमध्ये आगटी कुठून आणणार? गॅसवर धरलेलं कणीस वरून करपतं, आतून कच्चं राहतं. आगटीत ते राखेखाली निखाऱ्याच्या उबेत शिजतं, ज्वाळेत नाही, हे शहरात वाढलेल्या मुलांना ठाऊक असण्याचं कारण नाही. शिवाय कणीस तोडलं की आतली गोडी उतरू लागते. सकाळी तोडलेलं आणि आदल्या सकाळी तोडलेलं यांतला फरक जिभेला चटकन कळतो.

मग भाजून, चोळून दाणे पाठवायची पद्धत आली. चोळणं हे कणीस गरम असतानाच करावं लागतं, गार झालं की कूस, म्हणजे दाण्यावरचं टरफल, सुटत नाही. हे काम बहुतेक बायांचं, तळवे लाल होतात. रानातल्या पार्टीत पाहुणेच निम्मं चोळतात आणि त्यालाच मजा म्हणतात. पार्सलसाठी मात्र किलोकिलोने चोळून द्यावं लागतं. हा भाग कुठल्याही लिंकवर दिसत नाही. पडद्यावर दिसते ती निवेदिका, तव्यावर चमचाभर तूप सोडताना.

तिसरा टप्पा गोठवलेल्या पाकिटांचा. चव टिकते, पण तव्यावर परतल्यावर दाणा जरा पिचपिचीत होतो. सोय म्हणून ठीक आहे. माझ्या मते या तिसऱ्याला हुरडा म्हणण्याऐवजी हुरड्याचे दाणे म्हणावं. पण तसं लेबल कुणी लावत नाही, कारण विकला जातो तो समारंभ, दाणे नव्हेत.

यातून एक खरी तक्रार निर्माण झाली, ती मोहोळ-मंगळवेढ्याच्या पट्ट्यात ऐकू येते. हुरड्याचे वाण वेगळे. सुरती, गूळभेंडी, कुचकुची यांचा दाणा गोड आणि कूस सहज सुटणारी. अलीकडे कृषी विद्यापीठाने काढलेलं फुले मधुरही त्याच गुणाचं. मालदांडी भाकरीची ज्वारी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते भाकरीच्या दाण्याला, हुरड्याला नव्हे. जुन्या लोकांनी मालदांडीचाही हुरडा खाल्लाय, नाही असं नाही. पण मागणी वाढली तशी कुठलीही हिरवी ज्वारी हुरडा म्हणून जाऊ लागली, वर नाव मंगळवेढ्याचं. ज्याने दोन गुंठे गूळभेंडी राखून ठेवली, पाखरं हाकलली, त्याच्या आणि याच्या पाकिटाचा भाव एकच. समोरच्याची बाजूही आहे: शहरातल्या गिऱ्हाईकाला वाणाशी देणंघेणं नसतं, त्याला आठवण हवी असते. मला हा युक्तिवाद पटत नाही. आठवण विकायची तर निदान योग्य कणसाची विकावी.

पहिल्या हिवाळ्याला आणखी एक कारण नडलं, ते आता सगळे विसरलेत. २०२० च्या ऑक्टोबरच्या मध्यावर इथे अतिवृष्टी झाली, भीमेला पूर आला. काळ्या रानात वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, यायला वेळ लागला, म्हणून ज्वारीच्या पेरण्या मागे पडल्या आणि हुरडा उशिरा तयार झाला. नाताळच्या सुट्टीत कार्यक्रम जाहीर करून बसलेल्यांची पंचाईत झाली. तारीख पडद्यावर ठरते, कणीस रानात ठरतं. योगायोग असा की त्याच सप्टेंबरात राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं होतं. रानात माणसं बोलवायला उत्तेजन मिळालं, तेव्हा माणसं बोलावण्याचीच भीती होती.

उलट काही पदार्थांना या बदलाचा काहीच त्रास झाला नाही. कडक भाकरी मुळात प्रवासासाठीच. पातळ थापून, पुन्हा शेकून, पापडासारखी कडक केलेली ही भाकरी महिनोन्‌महिने टिकते. आमटीत चुरली की झालं. शेंगाचटणीचंही तसंच. भाजलेले शेंगदाणे, तिखट, लसूण, जिरं, मीठ एकत्र कुटून तेल सुटलं की ती आपल्याच तेलात टिकून राहते. मिक्सरने भुकटी होते, चटणी होत नाही, हे दर वर्षी पडद्यावर सांगितलं जातं आणि दर वर्षी कुणीतरी मिक्सरच लावतं. चाखण्याच्या कार्यक्रमांत हे दोन पदार्थ आधारासारखे असतात. हुरडा उशिरा आला, आंबला, चुकून दुसऱ्याच पत्त्यावर गेला, तरी डब्यात काहीतरी सोलापूर उरतं. या पार्सलांचा व्यवहार कोरोनाच्या कितीतरी आधीपासून चालत होता. शिकायला गेलेल्या पोराच्या बॅगेतून, एसटीच्या वाहकाच्या हाती. त्याला कुणी टेस्टिंग म्हणत नव्हतं एवढंच.

वेळ अमावस्येचा प्रयत्नही काहींनी करून बघितला. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला रानात जाऊन भज्जी, आंबील आणि बाजरीचे उंडे खायचे असतात. भज्जी म्हणजे एकत्र शिजवलेली मिश्र भाजी, तळलेली भजी नव्हेत, हे डब्याच्या जाहिरातीत लिहावं लागलं, कारण पुण्याच्या गिऱ्हाईकाने बटाट्याची भजी समजून मागणी नोंदवली होती. आंबील पाठवण्याचा विचार बाटली फुगल्यावर सोडून दिला. हा प्रकार फारसा रुजला नाही.

२०२३ साली गड्डा पुन्हा पूर्ण भरला, पाळणे लागले, सात नंदीध्वज गर्दीतून गेले. तेव्हा वाटलं, लिंकांचं काम संपलं. तेच वर्ष जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर झालेलं होतं. मग हुरड्याच्या कार्यक्रमांत आहारतज्ज्ञ आले, तंतुमय पदार्थ आले, ज्वारीची भाकरी ही एकदम आरोग्याची गोष्ट झाली. आमच्याकडे ती कालही होती आणि परवाही, कारण दुसरं काही पिकत नव्हतं. पण नवे श्रोते त्यातून मिळाले हे मान्य करायला हवं. त्यांत सोलापूर कधी न पाहिलेलेही बरेच.

आता दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी चालतात. अक्षतांच्या दिवशी गावात असलेला माणूस संमती कट्ट्याकडे जातो आणि फोन वर धरून परदेशातल्या बहिणीला दाखवतो. हुरड्याचे डबे माघ सरेपर्यंत निघतात. त्यानंतर दाणा टणक होतो, चोळला तरी दबत नाही, आणि मागणी आली तरी 'कडक भाकरी आणि चटणी पाठवू का?' असं उत्तर जातं.