कोकोस-कीलिंग बेटांवरील युद्धकालीन धावपट्टी

हिंदी महासागरातील कोकोस-कीलिंग या प्रवाळद्वीपसमूहात, वेस्ट आयलंड या बेटावर ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बांधलेला तात्पुरता लष्करी विमानतळ. सिलोन आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया यांच्या दरम्यानच्या सागरात विमान उतरवण्याजोगी जमीन जवळजवळ नाहीच. त्यामुळे १९४३ पासून सिलोनमधील कोग्गला ते पर्थ जाणारी कॅटलिना ही पाण्यावर उतरणारी विमाने हा पल्ला न थांबता, सत्तावीस तासांहून अधिक काळ उडत राहून गाठीत. ३ मार्च १९४२ रोजी जपानी युद्धनौकेने शेजारच्या डिरेक्शन आयलंडवरील तारकेंद्रावर (समुद्राखालील तारांद्वारे संदेश पाठवणाऱ्या केंद्रावर) तोफा डागल्या होत्या. शत्रूला फसवण्यासाठी केंद्र निकामी झाल्याचा देखावा पुढे शिताफीने टिकवण्यात आला.

धावपट्टीचे काम मार्च १९४५ च्या सुमारास सुरू झाले असावे. त्यासाठी नारळाची झाडे तोडून दाबलेल्या प्रवाळाच्या थरावर छिद्रे पाडलेले पोलादी पत्रे अंथरले गेले. असा एक पत्रा दहा फूट लांब, पंधरा इंच रुंद व सुमारे ३० किलो वजनाचा असे. एका कडेचे आकडे शेजारच्या पत्र्याच्या खाचांत अडकवले, की दोन माणसांना तो सहज बसवता येई. छिद्रांमुळे वजन घटे आणि पावसाचे पाणीही खाली झिरपे. या पत्र्यांना ‘मार्स्टन मॅट’ म्हणावे की ‘मार्सडन मॅट’, याविषयी लेखनात एकवाक्यता नाही. उत्तर कॅरोलायनातील मार्स्टन या गावाजवळ त्यांची चाचणी झाली होती, हे पाहता पहिले रूप अधिक सयुक्तिक वाटते.

काहींच्या मते हा विमानतळ मुख्यतः वाटेतला थांबा होता, तर काहींच्या मते मलायावरील नियोजित ‘झिपर’ मोहिमेसाठीचा बाँबफेकी तळ. बंगालमधील धुबुलिया आणि सालबनी येथील लिबरेटर या बाँबफेकी विमानांच्या ९९ व ३५६ क्रमांकांच्या तुकड्या १९४५ च्या मध्यावर येथे हलवल्या गेल्या, यावरून दुसरे मत वजनदार ठरते. मात्र ऑगस्टमध्ये जपानने शरणागती पत्करली आणि तीच विमाने युद्धकैद्यांच्या छावण्यांवर अन्न व औषधे टाकू लागली. १९४६ मध्ये तळ मोडण्यात आला. १९५१-५२ मध्ये ऑस्ट्रेलियन हवाईदलाच्या बांधकाम तुकडीने धावपट्टी नव्याने उभारली आणि क्वांटासची जोहान्सबर्गकडे जाणारी विमाने तेथे उतरू लागली.