कॉइफ आणि कॉल: एलिझाबेथकालीन इंग्लंडमधील टोपी आणि जाळी

राणी पहिली एलिझाबेथ हिच्या कारकिर्दीतील (१५५८ ते १६०३) इंग्रज स्त्रियांची व्यक्तिचित्रे पाहताना डोक्यावरचे पांढरे किंवा सोनेरी आवरण नेमके कोणते, याविषयी अनेकांचा घोटाळा होतो. कोणी त्याला कॉइफ म्हणतो, कोणी कॉल. आणि पुष्कळदा हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. वास्तविक दोहोंचा घाट वेगळा, कारागिरी वेगळी आणि कामही वेगळे. कॉइफ केस झाकून टाकण्यासाठी असे, तर कॉल केस बांधून ठेवता ठेवता ते दिसूही देई.

कॉइफ म्हणजे तागाच्या पातळ कापडाची, डोक्याला चपखल बसणारी टोपी; तान्ह्या बाळाच्या टोपड्याची आठवण करून देणारी. ती बेतण्याची रीत मला फार हुशारीची वाटते. कापडाचा एकच सपाट तुकडा मधोमध दुमडून माथ्यावरून शिवण घालत, आणि शिवण मागे जिथे संपे तिथे उरलेले कापड बारीक चुण्या घालून आवळून घेत. समोरची कड गालांपाशी किंचित पुढे वळलेली असल्यामुळे कान झाकले जात. मानेकडच्या कडेला दोऱ्याची लहान लहान घरे केलेली असत. त्यांतून नाडी ओवून ओढली की टोपी मानेपाशी घट्ट बसे. वेण्या फितीने डोक्याभोवती बांधून त्यांवर कॉइफ घालत, आणि कित्येकदा त्याच नक्षीची एक त्रिकोणी पट्टी कपाळावर बांधत.

कष्टकरी स्त्रीचा कॉइफ साधा पांढरा असे. त्यावर हॅट चढवली, तरी केसांचे तेल आणि घाम त्या महागड्या वस्तूला लागत नसे, कारण ते सारे खालचे कापड टिपून घेई आणि ते धुता येई. श्रीमंत घरांत मात्र याच टोपीवर भरतकामाची सारी हौस उतरलेली दिसते: आधी पांढऱ्यावर काळ्या रेशमाचे काम, आणि शतकाच्या अखेरीकडे रंगीत रेशीम व सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार वापरून काढलेल्या वळणदार वेली, त्यांत स्ट्रॉबेरी, गुलाब आणि मटारच्या शेंगा.

कॉल ही मुळात जाळी. तिचे जवळचे नाते आपल्या अंबाड्याच्या जाळीशी आहे. रेशमाच्या किंवा सोनेरी दोऱ्याच्या गाठी मारत ती विणली जाई, काही जाळ्यांत मोती जडवत आणि काहींना आतून रेशमी अस्तर लावत. ती डोक्याच्या मागच्या भागावर बसे, त्यामुळे समोरून काढलेल्या चित्रांत तिची फार तर कड दिसते. शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत कपाळावरचे केस आधार देऊन उंच उभारण्याची पद्धत आली, तेव्हा मागचे केस सावरायला कॉल सोयीचा होता. राणीला नववर्षानिमित्त येणाऱ्या भेटींच्या याद्यांतही कॉलची नोंद आढळते.

गोंधळाचे एक कारण हे अस्तरच आहे, कारण अस्तर लावलेली जाळी दुरून टोपीच वाटते, आणि सोनेरी वेलींनी भरगच्च भरलेला कॉइफ दुरून जाळीसारखा भासतो. शिवाय पुढच्या काळात टोपीच्या मागच्या भागाला, इतकेच नव्हे तर केसांच्या टोपाच्या आतल्या जाळीलाही, कॉल म्हणू लागले. म्हणून नावावर विसंबण्यापेक्षा चेहऱ्यालगतची कड पाहावी. कापडाची कड गालावर वळून कान झाकत असेल तर तो कॉइफ. कपाळावरचे केस मोकळे असून मागे केवळ जाळीची चौकट दिसत असेल तर तो कॉल.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात कॉइफसाठीचा तागाचा एक तुकडा आहे. त्यावर शाईने नक्षी रेखाटलेली आहे, पण भरतकाम झालेलेच नाही. न दुमडलेला, न शिवलेला असा तो कापडाचा सपाट तुकडा पाहिला, की गाठींनी विणलेल्या जाळीपासून त्याची जात किती निराळी आहे हे लगेच ध्यानात येते.