पीए म्हणजे कंपाउंडर नव्हे

अमेरिकेत मुलाकडे राहायला गेलेल्या आईवडिलांची एक तक्रार वर्षानुवर्षं ऐकू येते: ‘दवाखान्यात गेलो तर डॉक्टर आलेच नाहीत, असिस्टंटनेच तपासून पाठवलं!’ हा असिस्टंट म्हणजे फिजिशियन असिस्टंट, पीए. घोटाळा नावाने केलाय. आत गेल्यावर वजन-बीपी घेतो तो मेडिकल असिस्टंट, तो वेगळा. नंतर स्टेथोस्कोप लावून छाती तपासणारा, एक्स-रे सांगणारा, निदान करून औषध लिहून देणारा, तो पीए.

पदवीनंतर साधारण 27 महिन्यांचा मास्टर्स, त्यात वॉर्डांमधलं सुमारे 2,000 तासांचं काम, मग राष्ट्रीय परीक्षा आणि राज्याचा परवाना. औषधं लिहून देण्याचा अधिकार सर्व 50 राज्यांत आहे, नियम मात्र राज्यागणिक बदलतात. ऑपरेशनमध्ये ते सर्जनला मदत करतात, टाके घालतात. मुख्य सर्जन मात्र नसतात.

‘मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून पीए’ हाही गैरसमजच. सुरुवात 1965 साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी केली, डॉक्टरांचा तुटवडा होता म्हणून. पहिल्या तुकडीत नौदलात वैद्यकीय सेवा केलेले चौघे होते. हाताला सवय आधीच होती, पदवी तेवढी नव्हती.

पीए डॉक्टर नाहीत, हेही खरंच. बहुतेक ठिकाणी ते डॉक्टरांशी जोडून काम करतात आणि अवघड केस पुढे पाठवतात. तिथल्या पीएंच्या संघटनेने 2021 मध्ये ‘असिस्टंट’ऐवजी ‘असोसिएट’ हे नाव स्वीकारलं. उशीरच झाला म्हणायचा.