कोलोस्टॉमी

मोठ्या आतड्याचा भाग पोटाच्या भिंतीतून बाहेर आणून त्वचेला शिवण्याच्या शस्त्रक्रियेला कोलोस्टॉमी म्हणतात. अशा रीतीने तयार झालेले तोंड म्हणजे स्टोमा. त्यातून बाहेर पडणारा मल पोटावर चिकटवलेल्या पिशवीत साठतो. गुदाशयाचा कर्करोग, आतड्यातील अडथळा, आतडे फुटणे, गंभीर दुखापत आणि अर्भकाला जन्मतः गुदद्वार नसणे ही या शस्त्रक्रियेची प्रमुख कारणे होत. १७९३ मध्ये फ्रान्समधील ब्रेस्ट येथे द्युरे या शल्यचिकित्सकांनी अशाच एका अर्भकावर ती यशस्वीपणे केली व ते मूल प्रौढ वयापर्यंत जगले. चिकटणाऱ्या पिशवीची कल्पना मात्र १९५४ मध्ये, एलिझ सोरेनसेन या डॅनिश परिचारिकेला स्टोमा असलेल्या आपल्या बहिणीचे हाल पाहून सुचली.

आतड्याचा जोड भरून येईपर्यंत केलेली कोलोस्टॉमी पुढे बंद करता येते. गुदद्वारासह गुदाशय काढून टाकल्यास ती कायमची असते.

रुग्णाचे पुढचे आयुष्य किती सुकर होईल हे बऱ्याच अंशी स्टोमाच्या जागेवर अवलंबून असते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला बसवून, उभे करून व वाकवून, पोटाच्या घड्या टाळून आणि परकराची नाडी किंवा पट्टा जेथे येतो ती रेषा सोडून, त्याला स्वतःला दिसेल अशी जागा शाईने खूण करून ठरवावी लागते. तातडीच्या शस्त्रक्रियेत ही खूण अनेकदा राहून जाते, आणि पिशवी गळण्याचा त्रास रुग्णाला पुढे दीर्घकाळ सोसावा लागतो.

निरोगी स्टोमा लालसर व ओलसर असतो. त्याला स्पर्शाने वेदना होत नाहीत. पुसताना किंचित रक्त आले तरी घाबरण्याचे कारण नसते. सुरुवातीची सूज सहा ते आठ आठवड्यांत उतरते, तोवर त्याचे माप वरचेवर घ्यावे लागते, कारण पिशवीच्या चकतीचे छिद्र स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे हवे. ते अधिक सैल राहिल्यास मल लागून भोवतालची कातडी सोलवटते. पिशवी एकतृतीयांश ते अर्धी भरताच रिकामी करावी. आंघोळ, नोकरी, प्रवास आणि वैवाहिक संबंध यांपैकी काहीही सोडावे लागत नाही. आहारही हळूहळू पूर्ववत होतो, फक्त कोबी, कांदा व कडधान्यांनी वायू वाढतो का हे ज्याचे त्याने पाहावे. जड वजन उचलणे मात्र टाळावे, कारण स्टोमाशेजारी हर्निया होण्याचा संभव असतो. स्टोमा काळा-जांभळा पडल्यास, किंवा मल व वायू थांबून पोट फुगल्यास व उलट्या होऊ लागल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे.