लो बॉनेट की हाय बॉनेट?

नाशिकमध्ये जुनी जीप दुरुस्त करून पुन्हा उभी करायला घेतली, की मेकॅनिक गाडीचं साल विचारत नाही. तो विचारतो, ‘लो बॉनेट की हाय बॉनेट?’ कुठला पार्ट कुठे चालेल, हे बरंचसं या उत्तरावर ठरतं.

कुठल्याही जीपचा पार्ट कुठल्याही जीपला बसतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. तिचं मूळ दुसऱ्या महायुद्धात सापडतं. अमेरिकी लष्कराला एकट्या विलिस कंपनीकडून पुरेशा जीप मिळेनात, तेव्हा १९४१च्या शेवटी फोर्डलाही तीच गाडी बनवायला सांगितलं. अट अशी, की दोघांचे भाग अदलाबदल करता आले पाहिजेत. फोर्डने अट पाळली, पण आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, ‘एफ’ ठोकून ठेवलं. ही लष्करी जीप म्हणजे लो बॉनेट.

विलिसने १९५३मध्ये सीजे-३बी ही नागरी जीप आणली. इंजिन त्याच २.२ लिटरचं, पण इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेल्यामुळे ते उंच झालं आणि बॉनेट वर उचलावं लागलं. हीच हाय बॉनेट महिंद्राने भारतात वर्षानुवर्षं बनवली. अमेरिकेत तिचं उत्पादन १९६८मध्येच थांबलं होतं. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर दोन्हींचं ८० इंच, पण बॉनेट, जाळी, काउल (समोरच्या काचेखालचा पत्रा) एकमेकांना चालत नाहीत. लष्करी जीपमध्ये ड्रायव्हरची सीट उचलून पेट्रोल भरायचं आणि मागे फाळका नाही. नागरी जीपला फाळका आहे, टाकीचं तोंडही बाहेर. पत्र्यात जुगाड केला तर जाणकाराला लांबूनच कळतो.

खरी फसगत होते ती खाली, हौजिंगमध्ये, म्हणजे अ‍ॅक्सलच्या लोखंडी कवचात. लष्करी जीपच्या क्राऊन-पिनियनला, म्हणजे आतल्या गिअरच्या जोडीला, ३९ आणि ८ दात, तर नागरी सीजेला ४३ आणि ८. पुढे एक नि मागे दुसरं बसवलं तरी टू-व्हीलवर गाडी गुमान चालते. फोर-व्हील टाकलं, की दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडायला लागतात आणि डांबरी रस्त्यावर टायर नाहीतर गिअर खातात. म्हणून हौजिंग घेताना कव्हर उघडून दात मोजावेत. विकणाऱ्याच्या ‘बसतंय हो’वर माझा तरी विश्वास नाही.

नाशिकला ही माहिती हाताला येत गेली. देवळालीत तोफखान्याची छावणी, सातपूरला महिंद्राचा कारखाना, आणि शोधाशोधीला अंबड-सातपूर लिंक रोडचा भंगार बाजार. तो महापालिकेने २०१७मध्ये पाडला. अतिक्रमण होतं, हे खरंच. पण त्याबरोबर कुणाकडे काय पडलंय ही तोंडपाठ यादीही पांगली.

तिथूनच एकदा मूठभर बोल्ट आणले होते. घरी येऊन रॉकेलमध्ये बुडवले, वायर-ब्रशने घासले, तर एकाच्या डोक्यावर ‘एफ’ निघालं. माझ्या हाय बॉनेट महिंद्राच्या मडगार्डला तो हाताने फिरवत सरळ आत गेला.