सागरी प्लास्टिक सफाई : भीमा-सीना खोरे व सोलापूर जिल्हा

समुद्रात साचलेले प्लास्टिक बाहेर काढणे आणि नव्याने येणारे प्लास्टिक वाटेतच अडवणे, ही दोन्ही कामे मिळून सागरी प्लास्टिक सफाई होते. सोलापूर जिल्ह्याला किनारा नाही. पण जिल्ह्यातले बहुतेक सगळे पाणी सीना आणि भीमा या नद्यांत उतरते. सीना हत्तरसंग कुडल येथे भीमेला मिळते, भीमा रायचूरच्या बाजूला कृष्णेला, आणि कृष्णा आंध्र प्रदेशात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला. त्यामुळे सोलापूरचा कचरा हा समुद्राच्याही हिशेबात धरावा लागतो.

समुद्रातील साठा आणि तो काढण्याचे प्रयत्न

२०१५ पर्यंत जगात सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झाले. त्यातून जो कचरा झाला त्यापैकी जेमतेम ९ टक्क्यांवर पुनर्प्रक्रिया झाली. हवाई बेटे आणि कॅलिफोर्निया यांच्या दरम्यान तरंगत्या कचऱ्याचा एक विस्तीर्ण पट्टा आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्याचे क्षेत्र सुमारे १६ लाख चौरस किलोमीटर आणि त्यातील प्लास्टिकचे वजन सुमारे ८० हजार टन होते. वजनाने पाहिले तर त्यात जवळजवळ निम्मा वाटा मासेमारीच्या जाळ्यांचा. तुकडे मोजले तर दहातले नऊ तुकडे पाच मिलिमीटरपेक्षा लहान, पण त्यांचे वजन एकूण वजनाच्या केवळ ८ टक्के. सफाईतली सगळी अडचण या दोन मापांत दिसते. जाळी-दोरखंड जहाजाने ओढून काढता येतात. भुगा झालेले प्लास्टिक पाण्यातल्या जिवांसकट गाळल्याशिवाय निघत नाही.

नेदरलँड्समधील बोयान स्लाट या तरुणाने २०१३ साली ‘द ओशन क्लीनअप’ ही संस्था सुरू केली. २०१८ मध्ये समुद्रात सोडलेला तिचा पहिला तरंगता अडसर काही महिन्यांतच मोडला. पुढे दोन जहाजांनी इंग्रजी यू अक्षराच्या आकारात ओढायची जाळी वापरात आली. २०२३ मधील जाळीची लांबी सुमारे सव्वादोन किलोमीटर आहे. जहाजांचे इंधन आणि पाण्याच्या पृष्ठभागावर राहणाऱ्या नाजूक जिवांची हानी, हे या पद्धतीवरचे रास्त आक्षेप आहेत. शिवाय तळाशी बसलेल्या प्लास्टिकपर्यंत ती पोहोचतच नाही. तरीही मोकाट जाळी काढण्यासाठी ती उपयोगी आहे, कारण अशा जाळ्यांत कासवे आणि मासे वर्षानुवर्षे अडकून मरत राहतात.

भारतात याहून साधे प्रयत्न अधिक फळाला आले. मुंबईत वर्सोव्याचा किनारा २०१५ पासून अफरोज शाह यांच्या पुढाकाराने लोकांनी हातांनी साफ केला. केरळात कोल्लमच्या मच्छीमारांनी २०१७ पासून जाळ्यात आलेले प्लास्टिक पुन्हा समुद्रात न फेकता बंदरावर आणायला सुरुवात केली. ते दळून रस्त्याच्या डांबरात वापरले गेले. जपानमध्ये बाटल्यांचे पेट प्लास्टिक पचवणारा जिवाणू सापडल्याचे २०१६ साली जाहीर झाले. मात्र थंड, खाऱ्या आणि अफाट पाण्यात त्याच्यावर भिस्त ठेवता येणार नाही; त्याची विकरे (एन्झाइम) कारखान्यातल्या टाकीत कामाला येतील.

नदीत अडवणे

बाल्टिमोर बंदरात २०१४ पासून पाणचक्कीवर आणि सौरऊर्जेवर चालणारे चाक नदीतून येणारा कचरा उचलते. अॅमस्टरडॅमच्या कालव्यात २०१९ पासून तळातून हवेचे बुडबुडे सोडून प्लास्टिक एका कडेला ढकलले जाते. या दोन्ही ठिकाणी बारमाही पाणी आहे. सोलापूरचे ओढे-नाले वर्षातले बरेच महिने कोरडे असतात, म्हणून ही यंत्रे इथे जशीच्या तशी बसवून भागत नाही.

इथल्या पाण्याचा स्वभाव वेगळा आहे. जिल्हा अवर्षणप्रवण, पाऊस थोडा आणि त्यातला मोठा हिस्सा सप्टेंबरात, परतीच्या पावसाच्या सुमारास. उन्हाळाभर ओढ्याच्या पात्रात जे साचते ते एका जोरदार पावसात निघून जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला. असा पूर ओसरला की काठच्या बाभळींवर, माणसाच्या डोक्याच्याही वर, पिशव्यांच्या चिंध्या आणि खताच्या गोणींचे धागे लोंबकळताना दिसतात. पुरात वाहिलेले प्लास्टिक वेचणे जवळजवळ अशक्य असते. तेच मृगाआधी कोरड्या पात्रात हाताने उचलता येते. दाताळे, पोती आणि एक ट्रॅक्टर एवढ्यावर काम होते. ओढे-नाले सफाईचे वेळापत्रक पावसाच्या नक्षत्रांवर बसवणे हा या भागासाठी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे.

सोलापुरातून निघालेले सगळेच प्लास्टिक समुद्रात पोहोचत नाही. वाटेत कर्नाटकातले बंधारे आहेत. पुढे कृष्णेवर जुराला, श्रीशैलम, नागार्जुनसागर ही धरणे आणि विजयवाड्याचा प्रकाशम बॅरेज. बराचसा माल गाळात बसतो, उन्हाने ठिसूळ होऊन तुटतो आणि बारीक होऊन पुढच्या पुरात सरकतो. म्हणजे धरणांमुळे फक्त वेळ मिळतो. भीमेवरच्या उजनी जलाशयाची बाजू तर उलटी आहे: मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी यांच्यामार्फत पुणे-पिंपरी-चिंचवडचा मैला आणि कचरा भीमेत येतो, आणि त्याच उजनीचे पाणी सोलापूर शहर पिते. उजनीतली जलपर्णी तरंगत्या बाटल्या-पिशव्यांना धरून ठेवते. व्हिएतनाममधील सायगाव नदीवरच्या अभ्यासांतही जलपर्णीत मोठ्या प्रमाणावर प्लास्टिक अडकलेले आढळले. जलपर्णी काढताना ते वेगळे केले नाही, तर काठावरच्या ढिगातून पुन्हा पाण्यात जाते.

भीमा-सीनेवरचे कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे हे आयते सापळे आहेत. पावसाळा संपला की दारे बसवतात, पाणी अडते आणि तरंगता कचरा दारांमागे गोळा होतो. पुढच्या पावसाळ्यापूर्वी दारे काढण्याआधी तो उचलला, तर नव्या यंत्राचा खर्च न करता मोठा साठा हाती लागतो. सोलापूरला पाणी पुरवणाऱ्या औज बंधाऱ्यावर हे काम शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठीही आवश्यक आहे.

पंढरपूर

आषाढी वारीला लाखो वारकरी चंद्रभागेच्या वाळवंटात येतात. पाण्याच्या बाटल्या, द्रोण-पत्रावळ्या, हार-तुळशीच्या पिशव्या आणि चुरमुरे-बत्ताशांची पातळ पुडकी वाळूत तुडवली जातात. वारी पावसाळ्यात येते आणि उजनीतून केव्हाही विसर्ग वाढू शकतो, त्यामुळे सफाईला फार थोडे दिवस मिळतात. वरवरचा कचरा उचलून थांबले की वाळूत दडलेला उरतो आणि पाणी चढताच निघून जातो. चंद्रभागा स्वच्छ करण्यासाठी राज्य शासनाने २०१६ मध्ये ‘नमामि चंद्रभागा’ अभियान जाहीर केले. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्रात प्लास्टिक पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आहे. पातळ पिशवी तरीही बाजारातून गेलेली नाही.

शेतातले प्लास्टिक

डाळिंब, द्राक्ष आणि उसाच्या या जिल्ह्यात शेतीचे प्लास्टिक शहराच्या कचऱ्याइतकेच गांभीर्याने घ्यायला हवे, आणि तेच सर्वांत दुर्लक्षित आहे. ठिबकच्या जुन्या नळ्यांना भंगारात भाव येतो, म्हणून त्या बहुधा विकल्या जातात. मल्चिंग पेपरचे, म्हणजे पिकाभोवती मातीवर अंथरायच्या प्लास्टिक कागदाचे, तसे होत नाही. तो अगदी पातळ. हंगाम संपेपर्यंत फाटतो आणि त्याला ओली माती चिकटलेली असते. वजनात माती जास्त, म्हणून भंगारवाला घेत नाही. मग तो बांधावर जाळला जातो, ओढ्याला टाकला जातो किंवा नांगरटीत मातीत मिसळतो. शेततळ्याच्या अस्तराचा फाटका प्लास्टिक कागद आणि औषधांच्या रिकाम्या बाटल्या यांचीही हीच गत. साखर कारखान्यांच्या गटांमार्फत किंवा कृषी सेवा केंद्रांवर हा माल झटकून, वाळवून परत घेण्याची सोय झाली, तर जिल्ह्यातून नदीत जाणारा एक मोठा प्रवाह मुळाशीच थांबेल. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी प्लास्टिक वेष्टन बाजारात आणणाऱ्या उत्पादकांवर ते परत गोळा करण्याची जबाबदारी टाकली आहेच.

गोळा केल्यानंतर

पेट बाटल्यांना आणि कडक प्लास्टिकला गिऱ्हाईक असते. ते कचरावेचकांच्या हातून परत कारखान्यात जाते. कुरकुरे-शॅम्पूच्या बहुपदरी पुड्यांना भाव नाही. त्या सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाळता येतात, आणि शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात वाडी परिसरात अशा भट्ट्या आहेत. मदुराईचे रसायनशास्त्रज्ञ आर. वासुदेवन यांनी वितळलेले प्लास्टिक खडीवर चढवून डांबरात मिसळण्याची पद्धत काढली. तीत पातळ पिशव्या खपतात.

कपड्यांतील तंतू

जगातील समुद्रांत थेट सूक्ष्म कणांच्या रूपात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे ३५ टक्के कृत्रिम कापड धुताना सुटते, असा आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाचा २०१७ चा अंदाज आहे. सोलापूर चादरी-टॉवेलांसाठी प्रसिद्ध असले, तरी शालेय गणवेश शिवण्याचे ते मोठे केंद्र आहे, आणि गणवेशाच्या कापडात पॉलिएस्टर असतेच. हे तंतू कोणत्याही जाळीत अडकत नाहीत. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात ते बव्हंशी गाळात बसतात. तो गाळ खत म्हणून शेतात गेला की मातीत उतरतात आणि पावसाबरोबर पुन्हा ओढ्याला लागतात. फ्रान्सने २०२० च्या कायद्यात नव्या धुलाई यंत्रांना तंतू अडवणारी गाळणी बसवण्याची तरतूद केली. घरोघरी दगडावर कपडे धुतले जातात तिथे अशी गाळणी चालत नाही. तिथे धागा आणि वीण बदलून तंतू कमी सुटणारे कापड बनवणे हाच मार्ग आहे, आणि तो सोलापूरच्या यंत्रमागांच्या आवाक्यातला आहे.